अल्टिमीटरची पाठ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, चांदीचे अत्तरदाण आणि तुटक्या दांडीचा चष्मा यांच्या मधोमध, एक काळा अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून विमानाची उंची दाखवणारे उपकरण, माझ्या लहानपणापासून ठेवलेला असे. तो आजोबांनी कोणाकडून आणि कधी आणला हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. मात्र तो ‘बडोदा स्क्वाड्रनच्या स्पिटफायरमधला’ आहे, हे वाक्य घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने आत्याच्या तोंडून ऐकलेले आहे. हे वाक्य निराधार म्हणता येत नाही, कारण बडोदा स्क्वाड्रन खरोखरच होती. ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे बडोद्याचे नाव लावत असे. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ कॅसलटाऊन येथे ती स्पिटफायर या लढाऊ विमानांनिशी नव्याने उभी राहिली आणि एप्रिल १९४६ मध्ये तिचा क्रमांक बदलून ५६ करण्यात आला. म्हणजे आत्याची गोष्ट खरी असायची असेल, तर आमचा अल्टिमीटर १९४६ च्या आधी तयार झालेला असला पाहिजे. एवढी एकच गोष्ट तपासावी म्हणून मी तो चार वर्षांपूर्वी कपाटातून काढला, आणि त्यातून विमानांची जुनी उपकरणे ओळखण्याचा हा नाद लागला.

या नादातली पहिली शिकवण अशी की उपकरण हातात घेताच ते उलटे करावे. आपण सगळे आधी तबकडी पाहतो, कारण काटे, आकडे आणि काच डोळ्यांत भरतात. परंतु तबकडी वैमानिकासाठी असते आणि पाठ कोठारातल्या कारकुनासाठी. वैमानिकाला उपकरण कोणी, कधी आणि कोणत्या कंत्राटाखाली बनवले याच्याशी कर्तव्य नसते. कारकुनाला मात्र तेवढेच हवे असते, म्हणून कालनिर्णयाला लागणारा बहुतेक मजकूर पाठीवर, बुडाशी किंवा कडेला कोरलेला असतो. तो बहुधा नंतर दिलेल्या रंगाच्या थराखाली दबलेला असतो. रंग खरवडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड अगदी तिरपा, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर पाडला, की खोलगट अक्षरांत सावल्या भरतात आणि जे दुपारच्या उन्हात दिसत नव्हते ते वाचता येते. तरीही जमले नाही, तर पातळ बटर पेपर ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. आमच्या अल्टिमीटरच्या पाठीवर मला याच रीतीने आधी एक मुकुट, त्याखाली ‘ए’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरे, मग ‘६ए’ने सुरू होणारा एक क्रमांक, आणि दोन संध्याकाळी खर्ची घातल्यावर बनवणाऱ्या कंपनीचे नाव सापडले.

मुकुट आणि ‘ए. एम.’ हा ब्रिटनच्या एअर मिनिस्ट्रीचा शिक्का. हे मंत्रालय १९१८ मध्ये स्थापन झाले आणि १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विलीन झाले, तेव्हा नुसत्या अक्षरांवरून शेहेचाळीस वर्षांचा पट्टा मिळतो, जो फारसा कामाचा नाही. मुकुटाचा आकार मात्र कामाचा आहे. राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या गोल फुगलेल्या असतात, कलिंगडाची अर्धी फोड पालथी ठेवावी तशा. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर जो मुकुट चिन्हात आला, त्याच्या कमानी मध्यभागी खचलेल्या असतात, जणू उशीवर कोणी कोपर टेकले आहे. जॉर्ज सहावे १९५२ मध्ये वारले आणि नवा मुकुट १९५३ च्या सुमारास रुळला. आमच्या शिक्क्यातला मुकुट फुगीर निघाला, तेव्हा आत्याच्या बाजूने एक गुण पडला. पण शिक्का मारणारा कारागीर राजा वारला म्हणून दुसऱ्या दिवशी ठसा फेकून देत नाही. ठसा झिजेपर्यंत वापरला जातो, म्हणून फुगीर मुकुटाची वरची मर्यादा दोन-तीन वर्षे सैल धरलेली बरी.

‘६ए’ या क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याबाबतचा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की आता हसूही येत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या कोठारात प्रत्येक वस्तूला विभाग आणि क्रमांक दिलेला असे. ‘६ए’ हा विमानांतल्या उपकरणांचा विभाग, ‘५सी’ विजेच्या स्विचांसारख्या सामानाचा, ‘१०’ने सुरू होणारे विभाग रेडिओचे, आणि ‘२२सी’ वैमानिकांच्या टोप्या व चष्मे यांचा. म्हणजे तिरक्या रेघेनंतरचा आकडा हा त्या नमुन्याचा कोठार-क्रमांक आहे. एकाच नमुन्याच्या हजारो नगांवर तोच आकडा असतो. विकणारे लोक त्याला ‘विमानाचा नंबर’ म्हणून सांगतात, आणि घेणारे ‘सहा-ए’ नावाचे विमान शोधत बसतात. खरा अनुक्रमांक वेगळ्या जागी असतो, आणि ब्रिटिश उपकरणांवर त्याच्यापुढे कित्येकदा तिरकी रेघ देऊन दोन आकडी सालही लिहिलेले सापडते. ते सापडले तर बाकीची बरीच मेहनत वाचते. आमच्या अल्टिमीटरवर त्या जागी कोणी तरी भोक पाडून स्क्रू बसवला आहे, बहुधा तो लाकडी फळीवर ठोकून टेबलावर मांडता यावा म्हणून. आजोबांनीच हे केले असेल अशी मला शंका आहे, पण वाड्यात ही शंका मी मोठ्याने बोललेलो नाही.

मग राहिले कंपनीचे नाव. टॉर्चच्या तिरप्या उजेडात दुसऱ्या संध्याकाळी ‘केल्विन अँड ह्यूज’ ही अक्षरे जुळली, आणि तिथेच आत्याची गोष्ट संपली. युद्धकाळात केल्विन, बॉटमली अँड बेअर्ड ही एक कंपनी होती आणि हेन्री ह्यूज अँड सन ही दुसरी. त्या दोन्ही एकत्र येऊन केल्विन अँड ह्यूज हे नाव १९४७ मध्ये अस्तित्वात आले. त्या नावाची वस्तू १९४१ च्या, किंबहुना १९४६ च्याही विमानात मूळची असणे शक्य नाही. एका बाजूला १९४७, दुसऱ्या बाजूला फुगीर मुकुटाची सैल धरलेली १९५५ ची हद्द. अनुक्रमांकाची जागा स्क्रूने खाल्लेली असूनही आमचा अल्टिमीटर सात-आठ वर्षांच्या खिडकीत बसवता आला. बडोदा स्क्वाड्रनने तोवर नाव सोडलेले होते.

कंपन्यांची नावे बदलतात, एकमेकींत विरघळतात, आणि त्यामुळे नावांचा इतिहास हा कालनिर्णयाचा सर्वांत भरवशाचा आधार ठरतो असे माझे मत झाले आहे. आपल्याकडचे उदाहरण तर हाताशी आहे. बंगळूरची कंपनी १९४० पासून ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ होती आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ झाली. इंग्रजी आद्याक्षरे दोन्हींची सारखीच, त्यामुळे उपकरणावरच्या पाटीवर नुसते एच. ए. एल. असेल तर काही कळत नाही, पण पूर्ण नाव लिहिलेले असेल तर एका शब्दावरून वस्तू रेघेच्या अलीकडची की पलीकडची हे ठरते. अमेरिकन पाट्यांवर हेच काम सैन्याचे नाव करते. ‘आर्मी एअर कोअर’ हे नाव १९२६ पासूनचे. जून १९४१ मध्ये ‘आर्मी एअर फोर्सेस’ स्थापन झाले, आणि १९४७ मध्ये हवाई दल सैन्यापासून स्वतंत्र झाले. पाटीवर ‘एअर कोअर’ असेल तर वस्तू बहुधा युद्धात अमेरिका उतरण्याच्या आसपासची किंवा आधीची असते. अमेरिकन ऑर्डरच्या क्रमांकाच्या सुरुवातीला दोन आकडी साल असते, पण ते आर्थिक वर्ष असते आणि त्या काळी ते १ जुलैला सुरू होई. ‘४२’ लिहिलेली ऑर्डर ऑगस्ट १९४१ मध्येही दिलेली असू शकते. आणि पाटीवर तेरा आकडी क्रमांक दिसला, ज्याचे पहिले चार आकडे ६६१० आहेत, तर तो उड्डाण-उपकरणांचा नाटो वर्ग समजावा. अमेरिकेत हा क्रमांक १९७४ पर्यंत अकरा आकडी होता आणि पुढे देशाचे दोन आकडे मधे घालून तेरा आकडी झाला, त्यामुळे नुसते आकडे मोजूनही निकाल लागतो.

आपल्या भागात अमेरिकन सामान कसे, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरला मोडीत टाकलेली होती, आणि स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली चाळीसएक विमाने डागडुजी करून पुन्हा उडवली, ही आपल्या हवाई दलाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी हकिकत आहे. डाकोटा ही वाहतूक विमाने तर कित्येक वर्षे उडत होती. अशा विमानांची उपकरणे दुरुस्तीसाठी निघत, बदलली जात आणि अखेर लिलावात भंगाराच्या वखारींत पोहोचत.

याच कारणाने एका उपकरणाला एकच साल असते हा समज सोडून द्यावा लागतो. नमुना कधी मंजूर झाला हे एक साल, हा नग कधी बनला हे दुसरे, आणि तो शेवटचा कधी उघडून तपासला गेला हे तिसरे. मार्क क्रमांक, म्हणजे नमुन्याच्या आवृत्तीचा आकडा, फक्त पहिल्याबद्दल बोलतो. ‘मार्क १४’ नावाचा ब्रिटिश अल्टिमीटर युद्धात होता म्हणून हातातला मार्क १४ युद्धातलाच असे ठरत नाही, कारण चांगला नमुना वर्षानुवर्षे बनत राहतो. उलट, दुरुस्ती डेपोचा कागदी किंवा रंगाने छापलेला शिक्का १९६३ चा असला तरी यंत्र त्याआधी वीस वर्षे जुने असू शकते. मी पाहिलेल्या एका वळण-दर्शकावर कव्हर एका कंपनीचे, तबकडी दुसऱ्या काळातली आणि काच अगदी नवी होती. डेपोतल्या माणसाला विमान उडवायचे होते, संग्राहकाची सोय पाहायची नव्हती. अशा वेळी ‘हे उपकरण अमुक सालचे’ असे न म्हणता ‘याचे कव्हर अमुक सालचे, तबकडी तमुक’ असे म्हणणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

आता तबकडीकडे वळतो. अल्टिमीटरच्या काचेखाली एक छोटी खिडकी असते, तीत हवेचा दाब लावायचा असतो. तिथे मिलिबार असतील तर उपकरण ब्रिटिश धर्तीचे, पाऱ्याचे इंच असतील, म्हणजे २९.९२ च्या आसपासचे आकडे, तर अमेरिकन. उंची मीटरमध्ये असेल तर रशियन, फ्रेंच किंवा जर्मन. वेगदर्शकावर ताशी मैल असलेले ब्रिटिश उपकरण बहुधा युद्धाच्या काळातले किंवा आधीचे, कारण पुढे हवाई दल नॉटवर, म्हणजे ताशी सागरी मैलांवर, गेले. आरमाराच्या विमानांत मात्र नॉट आधीपासून असत, म्हणून या एकाच खुणेवर विसंबू नये. कृत्रिम क्षितिजाच्या, म्हणजे विमान किती कलले आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पाठीला रबरी नळी जोडायचे तोंड असेल तर आतला जायरो, म्हणजे गरगर फिरणारे चाक, हवेच्या झोताने फिरतो आणि नमुना जुना असतो. अनेक टोकांचा विजेचा प्लग असेल तर नंतरचा.

रशियन उपकरणांसाठी लिपी थोडी तरी शिकावी लागते, आणि ती मराठी माणसाला अवघड जाऊ नये. मिग-२१ विमाने १९६३ पासून आपल्याकडे आली, त्यामुळे त्या घराण्याचे सामान जुन्या बाजारांत सर्वांत जास्त दिसते. गेल्या वर्षी इथल्याच एका दुकानदाराने मला विमानातले घड्याळ दाखवले आणि ‘हे अमेरिकन ए-फोर-सी-वन आहे’ असे छातीठोकपणे सांगितले. तबकडीवरची अक्षरे खरोखर तशीच दिसत होती. पण रशियन लिपीत ‘च’ हे अक्षर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे दिसते आणि ‘स’ हे इंग्रजी ‘सी’सारखे, ते घड्याळ होते अ-च-स-१, सोव्हिएत लढाऊ विमानांत सर्रास बसवलेले, ज्यात दिवसाची वेळ, उड्डाणाची वेळ आणि स्टॉपवॉच अशी तीन कामे एकाच यंत्रात होतात. पाठीमागे विजेची जोडणी पाहून त्याने ते बॅटरीवर चालणारे असावे असा तर्क केला होता. ते चावीचे आहे, वीज फक्त थंडीत तेल गोठू नये म्हणून आतली उष्णता राखायला लागते. तबकडीवर किंवा सोबतच्या कागदांवर पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह असेल तर वस्तू १९६७ नंतरची, कारण ते चिन्हच त्या वर्षी सुरू झाले. रशियन उपकरणांसोबत एक छोटी पुस्तिका येते, तिला ते पासपोर्ट म्हणतात. तीत कारखान्यातून निघाल्याची तारीख शिक्क्यासह असते. दुकानदार ती रद्दीत टाकतात. उपकरणापेक्षा ती आधी मागावी.

आता जरा गंभीर बाब. या जुन्या तबकड्यांवरचे मोहरीसारखे पिवळट-तपकिरी आकडे पुष्कळदा रेडियमच्या रंगाने रंगवलेले असतात. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाईड चमकत असे. ते झिंक सल्फाईड काही वर्षांत थकते आणि आकडे अंधारात दिसेनासे होतात, पण रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. म्हणजे चमक गेली याचा अर्थ किरणोत्सर्ग गेला असा मुळीच नाही. काच शाबूत असेल तर अल्फा कण बाहेर पडत नाहीत, गॅमा किरण मात्र येतात, आणि रेडियमपासून रेडॉन वायूही निघत राहतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर आणला तेव्हा आमच्या अल्टिमीटरजवळ त्याची टकटक इतकी वाढली की आत्याने हातातला चहा खाली ठेवला. त्या दिवसापासून तो कपाटातून, म्हणजे भाच्याच्या अभ्यासाच्या टेबलापासून तीन फुटांवरून, हलवून मागच्या उघड्या गॅलरीतल्या कोनाड्यात ठेवला आहे. काचेवर टिचकी मारून काटा सैल करण्याची वैमानिकांची जुनी सवयही मी घरात बंद केली, कारण टिचकीने सुटलेला रंग आतल्या आत भुकटी होऊन साचतो.

याच बाबतीत माझ्या हातून झालेली चूक इथे नोंदवतो. नाद लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी ताशी मैल दाखवणारा एक ब्रिटिश वेगदर्शक घेतला होता. काच धुरकट होती म्हणून एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे दिला आणि ‘जरा स्वच्छ करा’ एवढेच सांगितले. आठ दिवसांनी परत आला तेव्हा काटा हिरव्या नव्या रंगाने लखलखत होता, आकडे बारीक ब्रशने पुन्हा काढलेले होते, आणि पाठीवरचा शिक्का बफिंगच्या चाकाखाली गुळगुळीत झाला होता. त्या माणसाने मनापासून काम केले होते. त्याला काय खरवडतो आहे हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते, आणि मी ते त्याला सांगायला हवे होते. आता त्या वेगदर्शकाबद्दल मी एवढेच म्हणू शकतो की तो वेगदर्शक आहे.

पितळेची चकाकी ही तर जुन्या वस्तूंच्या बाजारातली मोठीच फसगत. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत बसवलेले पी-८ होकायंत्र पितळी भांड्याचे असले तरी वरून काळ्या रंगाचे असते. कॉकपिटमध्ये आरशासारखी चमकणारी वस्तू कोणी बसवत नाही. तेव्हा देव्हाऱ्यातल्या समईसारखे लखलखणारे, वर कोरीव अक्षरांत ‘१९४२’ लिहिलेले होकायंत्र कोणी दाखवले, तर एक तर ते नवे आहे किंवा जुने असून त्याचा पुरावा घासून टाकलेला आहे. दोन्ही बाबतींत किंमत तीच धरावी.

आता या शहरातच सी-२९५ या मालवाहू विमानांची जुळणी होऊ लागल्यापासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये तो कारखाना सुरू झाल्यापासून, ओळखीच्या लोकांना अचानक आपापल्या माळ्यावरच्या वस्तू आठवू लागल्या आहेत, आणि महिन्यातून एखादा तरी माणूस पिशवीत काही तरी गुंडाळून माझ्याकडे येतो. बहुतेकांना एकच विचारायचे असते: हे कोणत्या विमानातले? याचे उत्तर उपकरण जवळजवळ कधीच देत नाही. तोच अल्टिमीटर प्रशिक्षण विमानात, लढाऊ विमानात आणि मालवाहू विमानात बसवता येत असे. एखाद्या विशिष्ट विमानाशी नाते जोडायचे तर काढून घेतानाची पावती, डेपोची नोंदवही किंवा त्या वेळचे छायाचित्र हवे. पाटी एवढेच सांगते की वस्तू कोणी, साधारण कधी आणि कोणासाठी बनवली.

आत्याला मी हे सगळे सांगितले. केल्विन आणि ह्यूज यांच्या भागीदारीचे साल ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “अरे, पण तुझे आजोबा खोटे बोलत नसत.” आजोबा खोटे बोलले असे मी म्हणतच नव्हतो, त्यांनाही कोणी तरी तसे सांगून विकला असणार. पण हा मुद्दा मी तिथेच सोडला, कारण मला त्या वेळी आणखी एक गोष्ट आढळली होती. अल्टिमीटरच्या पाठीवरचे हवेचे तोंड कोणी तरी मेणाने बुजवले होते. ते मेण दाताच्या काडीने हळूच काढल्यावर इतक्या वर्षांचा अडकलेला काटा डुलत डुलत खाली आला आणि थांबला. दाबाची खिडकी मात्र १०१३ मिलिबारवर गंजून बसली आहे, ती हलत नाही. बडोदे समुद्रसपाटीपासून सुमारे १३० फुटांवर आहे, आणि हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की अल्टिमीटर २७-२८ फूट जास्त दाखवतो. म्हणून थंडीत, दाब चढा असताना, तो ६०-७० फूट दाखवतो, आणि आषाढात दाब हजारापर्यंत उतरला की ४९० च्या आसपास जातो.

पावसाळ्यात आत्या रोज सकाळी गॅलरीत जाऊन तो पाहते आणि वाडा आज किती उंचावर आहे ते स्वयंपाकघरात येऊन सांगते.